आतली कडी

१

राजकुमार पिंपळवाडकर मापाचा टेप लावल्याशिवाय जेवायलासुद्धा बसणार नाही, असं वाळूजच्या कारखान्यातले त्याचे सोबती म्हणायचे. सत्तावीस वर्षं त्यानं तिथं मालवाहू गाड्यांचे बंद डबे बनवले. पावाचे, औषधांचे, कुरिअरचे. कोणाचं अर्धं सूत चुकलं तरी एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करायचा. गेल्या दिवाळीत त्यानं मुदतीआधीच निवृत्ती घेतली, एक जुनी पिकअप आणली आणि पडेगावच्या आपल्या प्लॉटवर, पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन उभी केली.

पिकअपच्या हौद्यावर त्याला घर बांधायचं होतं. चालताना बुटकं, थांबल्यावर उंच. आत शिरून छप्पर वर ढकललं की चारी बाजूंनी ताडपत्रीच्या भिंती ताणल्या जाणार आणि माणूस सरळ उभा राहू शकणार. छप्पर खाली असताना मात्र आतली उंची साडेतीन फूट. मेघाला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे खूळच वाटलं होतं. पण ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, खुळ्यांशी कसं वागायचं ते तिला कळतं. शिवाय वडील वारल्यापासून तो घरात तोंड मिटून बसायचा. निदान हाताला काम तरी मिळालं, असं म्हणून ती रोज सकाळी त्याला डबा भरून द्यायला लागली.

मार्चअखेर सांगाडा उभा राहिला, पत्रा चढला, मागचं दार बसलं. दाराला कडी जोडून तो दोन पावलं मागं सरला आणि बघतच राहिला. कडी बाहेरून लागली होती.

डब्याला कडी बाहेरूनच असते. पाव काही आतून दार लावून घेत नाही. हाताला पडलेली सवय, दुसरं काय, असं म्हणून तो हसलाही. पण ड्रॉइंगमध्ये कडी आतल्या बाजूला दाखवली होती, त्यानंच, लाल पेननं, दोनदा गिरवून. त्यानं ग्राइंडर लावून कडी कापली, आतून जोडली आणि बाहेरच्या डागावर लगोलग रंगाचा हात मारला. घरी मेघाला यातलं काही सांगितलं नाही.

२

एका रविवारी मेघा डबा घेऊन स्वतःच शेडवर आली. वाकून आत शिरली, इकडंतिकडं बघितलं आणि दाराजवळच्या छोट्या बैठकीवर टेकली. चाकाच्या वरचा उंचवटा झाकायला त्यानं ती प्लायची बैठक ठोकली होती. एका माणसापुरती.

"हे कोणासाठी?" तिनं विचारलं.

सामान ठेवायला, असं तो म्हणाला.

"सामानाला पाठ टेकायला फळी कशाला लागते?"

त्यानं बघितलं तर खरंच, मागं एक फळी होती. ड्रॉइंगमध्ये ना बैठक होती, ना फळी. मेघा गेल्यावर त्यानं टेप लावला. बैठकीची उंची बरोबर चौदा इंच. चौदा इंच म्हणजे घरातली निळी बादली उपडी घातली तर होते तेवढी. हे आपल्याला कसं माहीत, असं त्यानं स्वतःला विचारलं नाही. ते त्याला चांगलं माहीत होतं.

त्याचे वडील साहेबराव गुलमंडीच्या बाजारात हमाल होते. कापडाचे गठ्ठे वाहून वाहून त्यांची मान डावीकडं कलली ती कललीच. दर वर्षी अशोक विजयादशमीला ते वस्तीतल्या लोकांबरोबर ट्रकच्या हौद्यात उभे राहून नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे आणि सुजलेले पाय घेऊन परत यायचे. "राजा, एकदा निजून जायचंय बघ नागपूरला," ते म्हणायचे. "उभ्यानं लई झालं." नेतो आबा, असं राजकुमार म्हणायचा. म्हणायला त्याचं काय जात होतं?

आता हौद्यात दोन बिछाने होते, ऐसपैस, सव्वासहा फुटांचे. ज्याला निजून जायचं होतं तो माणूस तेवढा नव्हता.

३

छप्पर बसलं एप्रिलमध्ये. मोटारीच्या डिकीला असतात तशा गॅसच्या दांड्या लावल्या होत्या, एका हाताच्या जोरानं छप्पर वर जात होतं. राजकुमार खूश झाला. मग सवयीप्रमाणं त्यानं चारी कोपऱ्यांवर, टायरपासून हौद्याच्या कडेपर्यंत माप घेतलं. एकदा छप्पर उघडं असताना, एकदा बंद करून.

बंद केल्यावर मागचा डावा कोपरा चार सूत खाली बसत होता. म्हणजे अर्धा इंच. उघडलं की परत वर.

छप्पर वर असो नाहीतर खाली, वजन तेच. गाडीला त्याचं काय? त्यानं टेप बदलला. गाडी पुढं घेतली, मागं घेतली, फरशीवर उभी केली. पुन्हा तेच. डाव्या कोपऱ्यात आत काय आहे, तर ती बैठक. त्यानं वहीत लिहिलं, "स्प्रिंगचा पाटा जुना, बदलणे," आणि वही मिटली. पण जुना पाटा बसला तर बसलेलाच राहतो. कोणी उठल्यासारखा वर येत नाही, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

दुपारी गाडीला टेकून तो डबा खायला बसला. छप्पर बंद होतं. बाहेर ऊन रणरणत होतं, लिंबावर एक पाखरूसुद्धा हलत नव्हतं. त्यानं भाकरीचा दुसरा घास मोडला आणि मागून आवाज आला.

खोकला. पण खोकलाही नाही धड. खोकल्याची उबळ यावी आणि माणसानं तोंडावर टॉवेल दाबून ती छातीतच जिरवावी, तसा.

पत्रा तापला की वाजतो, राजकुमारनं मनाशी म्हटलं. इतकी वर्षं तो पत्र्यात वावरला, त्याला पत्र्याचे सगळे आवाज पाठ. पत्रा वाजतो तो बाहेर फुटून वाजतो. हा आवाज आत गेला होता. घास तसाच हातात धरून तो बसून राहिला. मग उठला आणि दार उघडलं. आत भट्टी झाली होती, माणूस कुठला असायला? सकाळी प्लाय कापल्याचा भुसा बिछान्यांवर, जमिनीवर, सगळीकडं साचला होता. बैठक तेवढी स्वच्छ होती, कोणी हातानं झटकून बसावं तशी.

४

ताडपत्रीचं शिवण गुलमंडीतल्या एका चाचांना दिलं होतं. सत्तरीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, गाड्यांचे हूड शिवण्यात हयात गेलेली. भिंती बसवायला ते जाड सुईदोरा घेऊन स्वतः पडेगावला आले. राजकुमार तेवढ्यात दौलताबाद रोडवर ताडपत्रीची बटणं आणायला गेला. परत आला तर चाचा शेडबाहेर लिंबाखाली बसून बिडी ओढत होते. काम थांबवलं का, असं त्यानं विचारलं.

चाचा आदबीनं उठून उभे राहिले. "वालिदसाब बैठे हैं ना अंदर. मैं बोला, उनका आराम हो जाने दो, बाद में सिलूंगा." मग नाराजीनं म्हणाले, "साब, बुरा मत मानो, ऐसी गरमी में बुजुर्ग को अंदर नक्को बिठाओ. मैं पानी पूछा तो हाथ से नक्को बोले. होंठ पे उंगली रखे, और चुप बैठे."

राजकुमारच्या हातातली बटणांची पुडी भिजली. हाताला एवढा घाम कधी आला, ते त्याला कळलंच नाही.

"अंदर कोई नहीं है, चाचा," तो म्हणाला.

चाचांनी त्याच्याकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. या माणसाला खोटं बोलताना आपण पकडलंय आणि आता त्याचं काय करावं, असं ते बघणं होतं. मग त्यांनी बिडी विझवली, मान खाली घालून उरलेल्या दोन बाजू शिवल्या आणि चहाला न थांबता निघून गेले. लाजेनं राजकुमारचे कान तापले. चाचांना भूत दिसलं म्हणून नव्हे, बाप दिसला म्हणून.

५

आता ती गोष्ट सांगायलाच हवी. राजकुमार ती आपण होऊन सांगणार नाही.

कारखान्यात तो मजुराचा सुपरवायझर झाला, सुपरवायझरचा मॅनेजर झाला, सिडकोत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट झाला. या सगळ्यात त्यानं आडनावाच्या जागी गावाचं नाव लावलं. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती ठेवली, ती पाहुण्यांना चालते, पुष्कळांकडं असते. बाबासाहेबांची तसबीर मात्र आतल्या खोलीत. साहेबराव राहायला आले तेव्हा त्यांनी हे सगळं एका नजरेत बघितलं, आणि ती तसबीर उचलून स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या वर लावली. "तिथं मी बसत जाईन," एवढंच म्हणाले.

एकदा कारखान्याचे प्रमुख सदाशिवराव सपत्नीक घरी आले असताना आबा पाण्याचा तांब्या घेऊन हॉलमध्ये आले, तो खाली ठेवून हात जोडून जय भीम म्हणाले आणि सांगायला लागले, की गुलमंडीत तुमच्या गल्लीत आपण लई गठ्ठे वाहिलेत. सदाशिवराव छान हसून बोलले. भानुमतीबाईंनी तर नमस्कारही केला. कमीपणा वाटला तो राजकुमारला. तेव्हापासून पाहुणे यायचे म्हटलं की आबा स्वतःच उठून बाल्कनीत जायचे, निळी बादली उपडी घालून बसायचे, आणि राजकुमार स्वयंपाकघराच्या बाजूनं कडी लावायचा. दार वाऱ्यानं आपटतं म्हणून, असं तो म्हणायचा. पाहुणे गेले की कडी काढायचा आणि हाक मारायचा, "आबा, पाहुणे गेले." मेघाला हे अजिबात खपायचं नाही. ती घरात असली की कडी लागायची नाही.

गेल्या मे महिन्यात ती बहिणीच्या बाळंतपणाला परभणीला गेली होती. सदाशिवराव आणि भानुमतीबाई भर दुपारी आले. बोलता बोलता आतून दाबलेला खोकला आला. आत कोणी आहे का, असं बाईंनी विचारलं. कोणी नाही, वॉशिंग मशीन आहे, राजकुमार म्हणाला. मग सदाशिवराव म्हणाले, चला, खुलताबादकडं एका मित्राच्या शेतावर जेवण आहे, तुम्हीही चला. साहेबांनी स्वतःच्या गाडीत बसवलं, याच कौतुकात तो जिना उतरला. कडी आठवली ती शेतावर पोचल्यावर. तेव्हाच उठून निघायचं, तर काय सांगून निघायचं? तो बसून राहिला. घरी आला तेव्हा सात वाजले होते.

बाल्कनी पश्चिमेची. दुपारी सोसायटी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करते, मशीनच्या नळाला पाणी नव्हतं. शेजारच्या बाल्कनीत माणसं होती, एक हाक मारली असती तरी कोणी धावून आलं असतं. आबांनी हाक मारली नाही. दारावर साधी थापसुद्धा मारली नाही. पाहुणे असताना आवाज करायचा नाही, हे ठरलेलं होतं, आणि पाहुणे गेले असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते बादलीवर बसलेले होते, मशीनला पाठ टेकून, टॉवेल तोंडाशी. राजकुमारनं दार उघडून नेहमीचे शब्द म्हटले, तेव्हा ऐकायला कोणी उरलं नव्हतं.

त्यानं त्यांना उचलून खोलीत निजवलं, सदरा बदलला, मग डॉक्टरला फोन केला. झोपेत गेले, सगळ्यांना त्यानं हेच सांगितलं. वयही अठ्ठ्याहत्तर होतं. कोणी काही विचारलं नाही.

६

मे उजाडला. गाडी तयार झाल्याचं कारखान्यात कळलं आणि सदाशिवरावांचा फोन आला, की रविवारी सकाळी बघायला येतो. नको म्हणायला राजकुमारला कारण सुचलं नाही. मेघा पोह्यांचं सामान घेऊन बरोबर आली. त्यानं गाडी पुसून उन्हात उभी केली, छप्पर मुद्दाम बंद ठेवलं. साहेबांच्या समोर ते वर जाताना दिसावं, एवढी हौस त्याच्यात अजून शिल्लक होती.

पाहुणे आले. सदाशिवरावांनी पत्र्यावरून हात फिरवला, सांधे बघितले, वा वा म्हणाले. राजकुमारनं दाराला हात घातला. दार उघडलं नाही. त्यानं जोर लावला. दार हललं, पण तेवढंच, जेवढं कडी लावलेलं दार हलतं.

कडी आत होती. आत कोणी नव्हतं. वर छप्पर उघडायचं तर तेही आतूनच. हे सगळं त्यानंच बनवलं होतं आणि कुठं बोट घालायला फट ठेवली नव्हती. पाहुण्यांच्या देखत तो दाराशी झटापट करत राहिला. मेघा बघत होती. नवीन रबर आहे, उन्हानं चिकटलं असेल, असं सदाशिवराव समजुतीनं म्हणाले.

आणि आतून खोकला आला.

या वेळी सगळ्यांनी ऐकला. उबळ आली, दाबली, पुन्हा आली, पुन्हा दाबली. राजकुमारनं न बघताच जाणलं की मागचा डावा कोपरा चार सूत खाली असणार.

भानुमतीबाईंच्या कपाळावर आठी पडली. "आत कोणी आहे का हो?"

हीच ती घडी होती. माझे वडील आहेत, एवढे तीन शब्द बोलायचे होते. लोक वेड्यात काढतील, काढू देत. मेघाला सगळं कळेल, कळू दे. शब्द त्याच्या घशापर्यंत आले, खरंच आले. मग त्याला सदाशिवरावांचे पांढरेशुभ्र कपडे दिसले, त्यांचा तो छान, समजूतदार चेहरा दिसला.

"कोणी नाही," तो म्हणाला. "पत्रा तापला की वाजतो."

आतला आवाज तत्क्षणी थांबला. शहाण्या माणसाला डोळ्यानं खुणावावं आणि त्यानं ओळखावं, तसा. पुढं पोहे झाले, चहा झाला, साहेबांनी निरोप घेतला, आणि अर्ध्या तासात आतून श्वासाचासुद्धा आवाज आला नाही.

७

पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली. मेघा नळावर कप विसळत होती. राजकुमार दारासमोर जाऊन उभा राहिला. अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या. आत किती तापलं असेल याचा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप चालू झाला. तो त्यानं थांबवला.

पत्र्याला कपाळ टेकवून तो हळू म्हणाला, "आबा, पाहुणे गेले."

काही झालं नाही.

"आबा. गेले पाहुणे. या बाहेर."

मागं नळ बंद झाला. त्यानं वळून बघितलं तर मेघा तिथंच उभी होती, ओले हात तसेच. हे शब्द तिच्या ओळखीचे होते. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"त्यांचा चष्मा मशीनवर होता," ती म्हणाली. "मी परभणीहून आले तेव्हा. झोपेत गेलेल्या माणसाचा चष्मा बाल्कनीत कसा, हे मी तेव्हाच विचारणार व्हते." तिनं ओले हात ओढणीला पुसले. "नाय विचारलं. अहो, त्या दिवशी कडी लावलेली व्हती का?"

एक वर्ष तो या प्रश्नाला घाबरून होता. आता तो आला होता आणि त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं.

"व्हय," राजकुमार म्हणाला.

तो शब्द तोंडातून गेला आणि आत कडी सरकली. नवी, तेल दिलेली कडी. तिचा आवाज त्याच्या ओळखीचा होता, बिनकुरकुरीचा, सहज. दार आपसूक वीतभर उघडलं. आतून आली ती नुसती गरम हवा, साबणाच्या पावडरीचा वास असलेली. मागचा कोपरा जरासा वर आला. कोणीतरी उठलं होतं.

मेघानं ओढणी तोंडाशी नेली. आतल्या अंधारातून एक पाऊल बाहेर आलं. अनवाणी, टाचेला भेगा, करंगळी वाकडी. म्हातारी माणसं उतरताना करतात तसं ते खालच्या पायरीचा अंदाज घेत हवेत चाचपत होतं. राजकुमारनं फक्त हात पुढं करायचा होता.

आणि त्यानं आधी मान वळवली. त्याच्या मनात तसं काही नव्हतं, सवयीनं वळली. गेटकडं बघितलं, रस्त्यावरून कोणी बघत तर नाही ना.

कोणी नव्हतं.

तो परत वळला तेव्हा पाऊल जागच्या जागी थांबलं होतं. क्षणभर तसंच राहिलं. मग हळूच आत गेलं, दार ओढलं गेलं, आणि कडी लागली.